बिडाचा रेडिएटर गळतोय, म्हणजे नेमकं काय गळतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत १९२०च्या दशकात बांधलेलं घर दोन वर्षांपूर्वी घेतलंत. दिवाणखान्यात खिडकीखाली खोली तापवणारा, बारा सेक्शनचा (म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या बारा पोकळ उभ्या कप्प्यांचा) उंच, नक्षीदार बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रेडिएटर आहे. त्याच्या मधोमध, खाली लाकडी जमिनीवर तांबूस डाग पडलाय आणि हीटिंग चालू झालं की थेंब थेंब पाणी पडतं. तुमचे यजमान म्हणतात इपॉक्सी लावू. पुण्याहून भाऊ म्हणतो, बिडाचं वेल्डिंग करून घे, इकडे गल्लीत करून देतात. प्लंबर म्हणतो, बॉयलरमध्ये गळती बुजवणारं औषध ओततो, नाही जमलं तर सगळं उपटून बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी लागणारे बसके हीटर) लावू. आणि जानेवारीत आई येणार आहेत.

मी परळला एका गिरणीच्या बॉयलर हाउसमध्ये फिटर म्हणून लागलो होतो. गिरण्या बसल्या, मी इकडे आलो. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जर्सी सिटी आणि आसपासच्या जुन्या इमारतींच्या हीटिंगचंच काम करतोय. तेव्हा जे सांगतो ते हाताने केलेलं सांगतो.

तिघांनी तुम्हाला तीन उपाय सांगितले, पण काय गळतंय हे कुणीच सांगितलेलं नाही. ‘रेडिएटर गळतोय’ हे ‘पोटात दुखतंय’ म्हणण्यासारखं आहे. माझ्या अनुभवात, गळतो म्हणून दाखवलेल्या रेडिएटरचं बीड स्वतः फुटलेलं क्वचित निघतं. बीड जाड असतं, त्यात दोन ते चार टक्के कार्बन असतो, गंज वरवर धरतो आणि थांबतो. गळतात ते जोड. बीड फुटतं ते बहुतेक दोनच कारणांनी. घर थंडीत बंद राहिलं आणि आत साचलेलं पाणी गोठलं (गोठताना पाणी साधारण नऊ टक्के फुगतं, त्यापुढे बीड काय करणार), किंवा कुणीतरी पान्याने नको तिथे जोर लावला.

आधी तुमची सिस्टिम कुठली ते बघू. तुम्ही लिहिलंय की रेडिएटरला एकच पाइप आहे आणि दुसऱ्या टोकाला गोळीसारखी चकचकीत वस्तू आहे, जी सुरुवातीला ‘सुस्स’ करते. म्हणजे तुमची वाफेची, एका पाइपची सिस्टिम. ज्या पाइपने वाफ येते त्याच पाइपने तिचं पाणी उलट बॉयलरकडे वाहत जातं. ती गोळी म्हणजे एअर व्हेंट. कुकरच्या शिट्टीच्या बरोबर उलट तिचं काम. शिट्टी वाफ सोडते. व्हेंट हवा सोडतो आणि वाफ आली की तोंड मिटतो.

दाबाचंही भय बाळगू नका. आपला कुकर साधारण एक किलो दाबावर चालतो, म्हणजे चौदा पीएसआय (दर चौरस इंचाला चौदा पौंड). घरातली वाफेची सिस्टिम दोन पीएसआयच्या आतच चालायला हवी. वाफेचं तापमान १०३-१०४ अंश सेल्सिअस. भाजण्यापुरतं ते भरपूर आहे, पण स्फोट वगैरे डोक्यातून काढा. आणखी एक सोय अशी की बॉयलर बंद असताना तुमचा रेडिएटर रिकामा असतो. आत ओल आणि थोडा गाळ, बस. पाणी उपसत बसायची गरज नाही.

(ज्यांच्या रेडिएटरला दोन पाइप आहेत आणि वर किल्लीने हवा काढायचा छोटा नळ आहे, त्यांची बहुधा गरम पाण्याची सिस्टिम. ती कायम भरलेली असते, दुमजली घरात तळघरातल्या गेजवर थंड असताना बारा पीएसआयच्या आसपास दाब दिसतो. तिथे काम करायचं तर बॉयलर बंद, भरणीचा व्हॉल्व्ह बंद, पाणी निवू द्यायचं आणि रेडिएटरच्या पातळीखाली उतरवायचं. हे न करता नट सैल केलात तर दिवाणखान्यात काळं पाणी पसरेल आणि त्याचा डाग गालिच्यातून जात नाही.)

आता शोध. थेंब जिथे पडतो तिथून तो निघतो असं नाही. पाणी सेक्शनच्या पोटाखालून घरंगळत दोन-तीन सेक्शन पुढे जातं आणि मग टपकतं. म्हणून रेडिएटर थंड असताना पुसून कोरडा करा. टॉयलेट पेपरच्या पट्ट्या करून प्रत्येक जोडाला एक गुंडाळा: व्हॉल्व्हच्या दांड्याखाली, युनियनच्या नटाला (व्हॉल्व्ह आणि रेडिएटर जोडणारा मोठा नट), टोकाचं भोक बंद करणाऱ्या बुच-बुशला, व्हेंटच्या बुडाशी आणि दोन सेक्शन जिथे खाली जुळतात त्या प्रत्येक फटीत. मग थर्मोस्टॅट वाढवा आणि विजेरी घेऊन खाली बसा. पहिली ओली होणारी पट्टी म्हणजे गुन्हेगार. मागून ओल्या होणाऱ्या मोजायच्या नाहीत. दोनदा करा, कारण काही जोड थंड असताना गळतात आणि तापल्यावर फुगून बंद होतात, काहींचं उलट.

पट्टी व्हेंटपाशी ओली झाली तर कदाचित दुरुस्तीच लागणार नाही. रेडिएटरवर पाणसळ ठेवा. एका पाइपच्या सिस्टिममध्ये त्याचा ढाळ व्हॉल्व्हकडे हवा. शंभर वर्षांत जमीन बसते, ढाळ उलटा होतो, पाणी लांबच्या टोकाला साचतं आणि व्हेंट ते थुंकतो. लांबच्या पायांखाली लाकडाची पातळ पाचर सरकवली की काम झालं. तसंच व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवायची सवय असेल तर सोडा. इथे तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. अर्धवट ठेवला की आत येणारी वाफ आणि बाहेर जाणारं पाणी दारात भांडतात. घण मारल्यासारखे आवाज येतात ते त्यामुळेच.

व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी ओल असेल तर आतलं पॅकिंग गेलंय. पॅकिंग नट एक अष्टमांश फिरवून बघा. नाहीच थांबलं तर बॉयलर बंद करून नट काढा आणि ग्राफाइटची दोरी दोन-तीन वेढे भरा. अर्ध्या तासाचं काम आहे. जुनं पॅकिंग कोरडं खरवडू नका. त्या काळात त्यात अ‍ॅस्बेस्टॉस वापरत, ते ओलं करून उचला. तळघरातल्या पाइपांवर पांढरट, पुठ्ठ्यासारखं आवरण असेल तर त्याला हातच लावू नका.

युनियनचा नट गळत असेल तर एकच नियम: पाने दोन. एक धरायला, एक फिरवायला. मी इथे नवा असताना एकाच पान्याने नट आवळला. नट फिरला नाही, खालचा पाइप फिरला आणि भिंतीच्या आत चिरला. अर्ध्या तासाचं काम तीन दिवसांचं झालं, त्यात भिंत फोडणं आणि घरमालकिणीचं तोंड चुकवणं आलं. त्याच सुमारास दुसरी फजिती. मुंबईहून आणलेला अर्ध्या इंचाचा बुच माझ्या पेटीत होता, तो बसवला. बसला. दोन फेरे छान गेला आणि मग अडकला, नंतर गळत राहिला. भारतातले पाइपांचे आटे ब्रिटिश मापाचे, इकडचे अमेरिकन. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे इंचात चौदाच आटे असतात, म्हणून फसायला होतं. पण आट्याचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. भावाला तिकडून काही आणायला सांगू नका.

आता तुमच्या बाबतीत मला जे वाटतं त्याकडे येतो. डाग मधोमध आहे आणि तांबूस आहे. माझा अंदाज खालच्या निपलचा आहे. दोन सेक्शनना जोडणारी छोटी लोखंडी नळकांडी म्हणजे निपल. केवळ वाफेसाठी बनवलेल्या रेडिएटरमध्ये सेक्शन फक्त खाली जोडलेले असतात, गरम पाण्याच्या रेडिएटरमध्ये वर आणि खाली दोन्हीकडे. बॉयलरकडे परत जाणारं सगळं पाणी ह्या खालच्या निपलांतून जातं. ते बिडापेक्षा पातळ आणि कायम ओले. मग आधी कोण जाणार? तडा असता तर तो बहुतेक सेक्शनच्या अंगावर दिसला असता, आणि वर असता तर थेंबाऐवजी वाफेची फुसफुस झाली असती. तरी अंदाज तो अंदाज. कागदाची पट्टी सांगेल ते खरं.

निपल दोन जातीचे. एक दाबून बसवलेले: मधे जाड, दोन्हीकडे निमुळते, बाटलीत बूच ठोकावं तसे सेक्शनच्या भोकात बसलेले. असे रेडिएटर बहुधा टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या लांब सळयांनी आवळलेले दिसतात. दुसरे आट्यांचे: एका बाजूला उजवे आटे, एका बाजूला डावे, फिरवलं की दोन्ही सेक्शन एकमेकांकडे ओढले जातात. विजेरीने सेक्शनच्या मधून बघा. लांब सळई आणि टोकाला नट दिसले तर पहिली जात, आणि तुमचं नशीब बरं. सळई नाही, टोकाला मोठे षट्कोनी बुच आहेत, तर बहुधा दुसरी. नव्वद-शंभर वर्षं गंजलेला आट्यांचा निपल मी सोडवायला जात नाही. दहातल्या आठ वेळा सेक्शनच फुटतो, मग तोंड काळं करून दुसरा रेडिएटर शोधावा लागतो. मग पहिल्याच दिवशी का शोधू नये?

सळई दिसली की सगळ्यांचा हात पान्याकडे जातो. ‘आवळून टाकू.’ थांबा. सळई जोडणीच्या वेळी सेक्शन ओढायला होती. पाणी अडवतो तो निपलचा निमुळता घट्टपणा, सळईचा ताण नव्हे. शिवाय फटीत गंज साचलेला असतो आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. त्यानेच सेक्शन थोडे दूर ढकलले असतील तर आवळून काय होणार? मी फार तर गंज सोडवणारं तेल रात्रभर पाजून नट पाव फेरा फिरवतो. थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर दुसरा पाव फेरा देत नाही, कारण सळई तरी तुटते किंवा टोकाच्या सेक्शनचं बीड चिरतं, आणि मग निपलचा प्रश्न राहतच नाही.

खरी दुरुस्ती म्हणजे रेडिएटर काढून तो जोड उघडणं. बॉयलर बंद करा, निवू द्या. युनियन दोन पान्यांनी सोडा. खाली जुने टॉवेल हवेत, आतला काळा गाळ सांडणारच. बारा सेक्शनचं उंच धूड दीडशे किलोच्या घरात जातं. दोन धडधाकट माणसं, प्लायवूडचा तुकडा आणि हातगाडी. यजमान आणि त्यांचा एक मित्र, दोघांची कंबर ठीक असेल तरच. आडवा ठेवताना खाली पूर्ण लांबीला फळ्या द्या. मधे आधार नसेल तर बाकीचे जोड पण हलतात आणि एकाच्या जागी चार गळायला लागतात. हे मी घडताना पाहिलंय.

सळईचा नट काढा किंवा सळई कापा (नवीन आटे पाडलेली सळई हार्डवेअरच्या दुकानात मिळते). दोन्ही बाजूंनी पाचरी थोड्या थोड्या ठोकत जोड समांतर उघडा, एकीकडूनच ठोकाल तर तो तिरका होऊन अडकेल. जुना निपल बाहेर काढा. भोकाचा गंज बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करा. कानस नको, भोक मोठं झालं की निपल बसणार नाही. जुन्या निपलचा मधला व्यास आणि कडेचा व्यास व्हर्नियरने मोजा, मापे शक्य तितकी बारीक घ्या. असे निपल अजून बनतात आणि मापानुसार मिळतात. नवा निपल पातळ सीलंट चोपडून एका सेक्शनमध्ये सरळ बसवा, दुसरा सेक्शन समोर आणा आणि सळयांनी ओढा. एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं, सेक्शन टेकेपर्यंत. जोड उघडलाच आहे तर शेजारचे दोनही बघा. वय सगळ्यांचं सारखंच.

आणि एखादा सेक्शन खरंच फुटलेला निघाला तर? मधला असेल तर तो काढून टाका. बाराचा अकरा होईल. पाय टोकाच्या सेक्शनना असतात, त्यामुळे मधला गेला तरी रेडिएटर उभा राहतो, आणि कमी लांबी व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाला जाते, म्हणून पाइप हलवावा लागत नाही. खोलीच्या उबेत फरक पडलाच तर किरकोळ.

परत बसवण्यापूर्वी तपासा. कुणी सांगेल काँप्रेसरने हवा भरून बघ. भरा, पण तीन-चार पीएसआयच्या वर नाही, आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे बघा. दाबलेली हवा आणि बीड ही जोडी वाईट. बीड फाटलं की तुकडे उडतात. जास्त दाबाने बघायचं तर पाण्याने बघा.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे वळतो.

भावाचं वेल्डिंग. पुण्यात चांगले कारागीर आहेत हे मला ठाऊक आहे. पण बिडाचं वेल्डिंग म्हणजे आधी सगळा तुकडा तापवणं, निकेलची कांडी, आणि नंतर राखेत किंवा वाळूत घालून तासन्‌तास सावकाश निववणं. घाईने निवला की वेल्डिंगच्या शेजारीच नवी चीर पडते. मोटारीच्या ब्लॉकसाठी हे परवडतं. रेडिएटरच्या एका सेक्शनसाठी नाही, आणि निपलच्या जोडाला तर वेल्डिंगचा प्रश्नच नाही.

यजमानांची इपॉक्सी. ती चिरेवर चालते, जोडावर फार दिवस नाही, कारण जोड दर वेळी तापला की हलतो. चीर असेल तर चिरेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळणार नाही. खाच मारून चकचकीत धातू उघडा करा, अ‍ॅसिटोनने पुसा, पोलादाची पूड घातलेली इपॉक्सी भरा आणि डब्यावर लिहिलंय तितका वेळ खरंच थांबा. उष्णतेची मर्यादा आधी वाचा, ती १०४ अंशांच्या बरीच वर हवी. मी लावलेली काही ठिगळं दहा वर्षं टिकली, काही दोन महिन्यांत सुटली. आणि रंग खरवडायच्या आधी हे लक्षात घ्या: अमेरिकेत घरांसाठीचा शिशाचा रंग १९७८ साली बंद झाला, तुमच्या रेडिएटरवर त्याआधीचे थर बहुधा असतील. कोरडा ग्राइंडर चालवू नका, ओलं करून घासा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

प्लंबरचं औषध मात्र नको. तळघरातल्या बॉयलरमध्ये ओतलेलं औषध वाफेबरोबर वर येऊन तुमच्या निपलला बुजवेल, असं कसं होईल? वर वाफ येते, औषध खालीच राहतं. झालंच तर पाण्याला फेस येतो, पाणी उसळून पाइपांत जातं आणि बॉयलरवर पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीतली पातळी नाचायला लागते. मग बॉयलर धुण्याचे पैसे वेगळे. बेसबोर्डचं म्हणाल तर एका पाइपच्या वाफेवर तो असा सहज लागत नाही. त्याचा अर्थ बॉयलरपासून पाइपांपर्यंत सगळी सिस्टिम बदलणं. एका निपलसाठी घर पाडण्यासारखं आहे हे. जुन्या घरांचं सामान विकणाऱ्यांकडे असे रेडिएटर ढिगाने पडलेले असतात. त्यातला तपासलेला एक घेणं ह्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

तुम्ही न विचारलेलं एक सांगतो, कारण मला त्या थेंबापेक्षा त्याची काळजी जास्त आहे. बॉयलरमध्ये पाणी किती वेळा भरावं लागतं? काचेच्या नळीवर पेनाने खूण करा, तारीख लिहा. निरोगी घरात आठवडा-पंधरवड्याने थोडंसं लागतं. दर दोन दिवसांनी लागत असेल किंवा आपोआप भरणारा व्हॉल्व्ह असेल (मग तुम्हाला कळणारच नाही), तर पाणी दुसरीकडूनही जातंय: न मिटणारे व्हेंट, तळघरात फरशीखाली गेलेला परतीचा पाइप. प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि बॉयलर आतून खातो. रेडिएटर शंभर वर्षं टिकला तो तेच तेच पाणी फिरत राहिलं म्हणून. आणि काचेत पाणी दिसत नसेल आणि बॉयलर तापलेला असेल, तर काही झालं तरी थंड पाणी सोडू नका. बंद करा, पूर्ण निवू द्या. तापलेलं बीड आणि थंड पाणी एकत्र आलं की बॉयलर चिरतो.

जानेवारीचं म्हणाल तर, थेंब मिनिटाला दोन-चार असतील आणि पाण्याची खूण हलत नसेल, तर खाली पसरट ताट ठेवून हा हिवाळा काढा आणि निपलचं काम एप्रिलमध्ये करा. त्याहून जास्त असेल तर रेडिएटर आत्ताच काढा आणि त्या जागी पाइपला बुच लावा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागवू नका. जुने व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत, वाफ हळूच आत शिरते, तिचं पाणी परत येऊ शकत नाही आणि रेडिएटर भरत जातो. थर्मोस्टॅट त्याच खोलीत असेल तर तिथे लहान विजेचा हीटर ठेवा. नाहीतर दिवाणखाना तापत नाही म्हणून बॉयलर चालतच राहील आणि आईंच्या खोलीत जानेवारीत पंखा लावावा लागेल.

कागदाच्या पट्ट्यांचं काय निघालं आणि सळई दिसते का, एवढं कळवा. डाग पडलेल्या फळ्या आत्ताच घासून पॉलिश करू नका. दुरुस्तीनंतर तिथे वर्तमानपत्राचा कागद अंथरून एक पूर्ण हिवाळा जाऊ द्या, कागद कोरडा निघाला की मग सुताराला बोलवा.